डेस्कटॉप सर्च, इंडेक्सिंग आणि बाहेरची हार्ड डिस्क सुरक्षित काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घरगुती कॉम्प्युटर आणि छोट्या ऑफिसांची देखभाल करताना हे प्रश्न सारखे येतात. विचारणारे वेगवेगळे असतात: नौपाड्यातले लग्नाचे फोटोग्राफर, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, वागळे इस्टेटमधली छोटी युनिट्स, सीएकडे आर्टिकलशिप करणारी मुलं. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे.

सर्च आणि डिस्क काढणं हे दोन विषय एकत्र घेतले, कारण व्यवहारात ते एकत्रच येतात. सगळे प्रोग्राम बंद केले तरी डिस्क सुटत नाही, मागे कुणीतरी ती वाचत असतं, आणि लोकल पकडायच्या घाईत माणूस केबल ओढतो. माझं मत आधीच सांगून ठेवतो: जी डिस्क बॅगेतून फिरते ती इंडेक्समध्ये घालू नये.

१. इंडेक्सिंग म्हणजे काय? मी काही करत नसतानाही हार्ड डिस्कचा दिवा का लुकलुकतो?

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगणारी. कॉम्प्युटर तुमच्या फाइलींची तशीच सूची बनवतो. फाइलचं नाव, तारीख, प्रकार आणि जमल्यास आतला मजकूरही त्यात जातो. मग तुम्ही शोधायला लागलात की तो सगळ्या फाइली उघडत बसत नाही, फक्त सूची बघतो. म्हणून उत्तर क्षणात येतं.

ही सूची ताजी ठेवायचं काम मागे चालू राहतं. विंडोजचा इंडेक्सर तुम्ही टाइप करत असताना मुद्दाम मंद होतो आणि तुम्ही चहाला उठलात की जोर धरतो. म्हणूनच 'मी काही करत नसताना' दिवा जास्त लुकलुकताना दिसतो. त्यात बिघाड काही नाही.

२. बाहेरची हार्ड डिस्क लावली की तीही आपोआप इंडेक्स होते का?

कोणता कॉम्प्युटर आहे त्यावर अवलंबून.

विंडोज साधारणपणे तुमचे स्वतःचे फोल्डर (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप वगैरे) आणि स्टार्ट मेनू एवढंच घेतो. बाहेरची डिस्क आत येते ती बहुतेक वेळा कुणीतरी आणल्यामुळे: तिच्यावरचा फोल्डर 'लायब्ररी'त जोडला, 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये तिच्यापुढे टिक केली, किंवा सर्च 'एन्हान्स्ड' करून ठेवला. 'एन्हान्स्ड' असेल तर यादीत काय काय आलंय ते एकदा डोळ्यांखालून घाला.

मॅकचं उलट आहे. २००५ साली टायगर आवृत्तीबरोबर आलेला स्पॉटलाइट बाहेरची डिस्क लावताच तिची सूची करायला घेतो. तुम्हाला नको असेल तर नको म्हणून सांगावं लागतं (प्रश्न ८).

आणखी एक फरक फार लोकांना माहीत नसतो. विंडोज आपली सूची सी ड्राइव्हवर ठेवतो, त्यामुळे तुमच्या बाहेरच्या डिस्ककडून तो फक्त वाचतो. मॅक मात्र सूची त्या डिस्कवरच, लपवलेल्या फोल्डरमध्ये लिहितो. विंडोजचा इंडेक्सर डिस्क अडवतो तेव्हा चिडचिड होते, पण डेटा बिघडवायला तो कारण नसतो. मॅकवर सूची चालू असताना केबल ओढली तर तुम्ही चालू लिखाण मध्येच तोडता.

३. मी वर्षानुवर्षं पेन ड्राइव्ह सरळ ओढून काढतोय, काही झालं नाही. 'सेफली रिमूव्ह' खरंच लागतं का?

तुमचा अनुभव खोटा नाही, आणि त्यामागे कारण आहे.

कॉम्प्युटर डिस्कवर दोन पद्धतींनी लिहू शकतो. एकात तो लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. यात वेग मिळतो, पण मधल्या वेळात डिस्क काढली तर मेमरीतलं मेमरीतच राहतं. दुसऱ्या पद्धतीत तो असा उशीर करत नाही. विंडोजमध्ये यांची नावं 'बेटर परफॉर्मन्स' आणि 'क्विक रिमूव्हल'. २०१८च्या ऑक्टोबर अपडेटपासून विंडोज १० बाहेरच्या साधनांसाठी 'क्विक रिमूव्हल' हीच पद्धत आपणहून धरतो. तेव्हापासून, चालू लिखाण नसेल तर, नुसतं ओढल्याने सहसा काही होत नाही.

अडचण 'चालू लिखाण नसेल तर' या अटीत आहे. ते आहे की नाही हे स्क्रीनकडे बघून कळत नाही. इजेक्ट (म्हणजे हेच 'सेफली रिमूव्ह') केलं म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरला ते तपासायला लावता आणि तो हो म्हणाला की काढता. मॅक आणि लिनक्सवर तर सवलत धरूच नका, तिथे मेमरीत साठवून लिहिणं नेहमीचं आहे.

तुमच्या डिस्कला कोणती पद्धत लागू आहे ते बघायचं असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्क ड्राइव्ह्ज'खाली तिच्यावर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज' आणि मग 'पॉलिसीज'. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी वेगासाठी 'बेटर परफॉर्मन्स' करून ठेवलेलं असतं आणि नंतर विसरलेलं असतं. अशी डिस्क दुसऱ्याला देताना हे सांगून द्या.

फिरत्या तबकडीच्या डिस्कला आणखी एक कारण आहे. इजेक्ट केल्यावर ती शांतपणे थांबते आणि वाचणारं टोक जागेवर जाऊन बसतं. वीज अचानक तुटली तर तेच काम तिला घाईने करावं लागतं. इजेक्टनंतरही हाताला थरथर जाणवत असेल तर ती थांबेपर्यंत टेबलावरच राहू द्या, लगेच बॅगेत टाकू नका.

४. कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली. आता काढू?

अजून नाही. पट्टी सांगते की कॉपी करणाऱ्या प्रोग्रामचं काम झालं. डिस्कवर उतरायचं राहिलेलं असू शकतं, लिनक्सवर तर मोठी फाइल असली की हे हमखास दिसतं. इजेक्ट करा, संदेश येऊ द्या, मग काढा.

५. सगळे प्रोग्राम बंद केलेत, तरी 'डिव्हाइस इज करंटली इन यूज' येतंय. काय करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम देतो.

आधी थोडं थांबा. नुकतेच बरेच फोटो टाकले असतील तर त्यांची छोटी चित्रं बनणं, अँटिव्हायरसची तपासणी आणि इंडेक्सिंग एकाच वेळी चाललेलं असतं. ते संपलं की डिस्क आपणहून सुटते.

मग 'बंद केलंय' असं वाटणारे प्रोग्राम बघा. वर्ड बंद केलं पण एक्सेल उघडं आहे आणि त्यात डिस्कवरचीच शीट आहे, असं होतं. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये डिस्कवरची पीडीएफ उघडी असते. फोटोशॉपने डिस्क 'स्क्रॅच' म्हणून, म्हणजे तात्पुरत्या कामाची जागा म्हणून, धरलेली असते. यापेक्षा लपलेलं कारण म्हणजे फाइल निवडायची खिडकी. एखाद्या प्रोग्राममधून पेन ड्राइव्हवरची फाइल उघडली किंवा अपलोड केली, की तो प्रोग्राम त्या फोल्डरमध्येच उभा राहतो. फाइल बंद केली तरी फोल्डर सोडत नाही. अख्खा प्रोग्राम बंद करावा लागतो.

फाइल एक्सप्लोररच्या खिडक्याही बंद करा, विशेषतः उजवीकडे प्रिव्ह्यू दिसत असेल तर.

तरीही सुटत नसेल तर कोण धरून बसलंय ते शोधा (प्रश्न ६). तेवढा वेळ नसेल तर 'साइन आउट' करून पुन्हा आत या. तुमच्या नावाने चालणारं सगळं बंद होतं आणि बहुतेक वेळा डिस्क मोकळी होते. शेवटचा उपाय कॉम्प्युटर बंद करण्याचा, त्यातली खोच प्रश्न ११ मध्ये आहे.

हार्ड डिस्कसाठी अजून एक वाट आहे: 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये तिच्या डाव्या चौकटीवर राइट क्लिक करून 'ऑफलाइन'. हे करताना आधी चालू कॉपी थांबली आहे याची खात्री करा आणि चुकून दुसरी डिस्क निवडू नका. पुढच्या वेळी त्याच कॉम्प्युटरला लावली की 'ऑनलाइन' करावं लागतं. नाहीतर डिस्क दिसतच नाही आणि ती बिघडली असं वाटून लोक घाबरतात.

मॅकवर 'फोर्स इजेक्ट'चं बटण येतं. ते कुणालाही न विचारता डिस्क तोडतं. लिहिणारा प्रोग्राम उघडा असेल तर ते दाबू नका.

६. इंडेक्सरच धरून बसलाय की दुसरं कुणी, हे कसं ओळखायचं?

विंडोज स्वतःच नोंद ठेवतो. एकदा इजेक्ट करून नकार येऊ द्या, मग 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टिम' बघा. 'कर्नल-पीएनपी'कडून आलेली २२५ क्रमांकाची नोंद शोधा. डिस्क काढणं कोणत्या प्रोग्रामने थांबवलं त्याचं नाव त्यात लिहिलेलं असतं. नाव 'सर्च इंडेक्सर'चं असेल तर उत्तर मिळालं, प्रश्न ८ कडे जा. नुसतं 'सिस्टिम' आणि क्रमांक ४ दिसला तर विंडोजच्या गाभ्यातून काहीतरी धरलेलं आहे, बऱ्याचदा अँटिव्हायरस. तिथे शोधत बसू नका, कॉम्प्युटर बंद करून डिस्क काढा.

सोपं साधन हवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच मोफत 'पॉवरटॉइज'मध्ये 'फाइल लॉकस्मिथ' आहे. ड्राइव्हवर राइट क्लिक केलं की तो कोण वापरतंय याची यादी देतो.

७. लॅपटॉप जुना आहे, स्लो चालतो. इंडेक्सिंग कायमचं बंद करून टाकू का?

करू नका, निदान लगेच नाही. नव्या कॉम्प्युटरवर किंवा मोठ्या अपडेटनंतर इंडेक्सर सगळी सूची नव्याने करतो, तेव्हा जडपणा जाणवतो. एक रात्र चार्जरला लावून चालू ठेवा, स्लीप बंद ठेवून. बहुतेक लॅपटॉप त्यानंतर शांत होतात. नाही झाला तर 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'च्या 'ॲडव्हान्स्ड'मधून 'रिबिल्ड' करा. सूची बिघडलेली असेल तर इंडेक्सर तिथेच अडकून राहतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर इंडेक्सिंग बंद करून फार हाती लागणार नाही. त्यापेक्षा एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, वेगवान डिस्कवर) खर्च करा.

८. बाहेरची डिस्क इंडेक्समधून बाहेर कशी काढायची?

विंडोजमध्ये स्टार्टमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' शोधा, 'मॉडिफाय' दाबा, डिस्कपुढची टिक काढा. ही सेटिंग त्या कॉम्प्युटरपुरती असते.

डिस्क चार कॉम्प्युटरांना लागत असेल आणि ती एनटीएफएस (डिस्कवर फाइली मांडायची विंडोजची पद्धत, प्रश्न १३) असेल, तर डिस्कवरच खूण करून ठेवता येते. डिस्कवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तळाशी फाइलींचा मजकूर इंडेक्स करू द्यायचा का अशी चौकट असते, तिची टिक काढा. ही खूण प्रत्येक फाइलवर लिहिली जाते, म्हणून भरलेल्या डिस्कवर वेळ लागतो. ते चालू असताना डिस्क काढू नका. नवी डिस्क आणल्या आणल्या, रिकामी असतानाच हे करणं उत्तम.

मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज', 'स्पॉटलाइट', 'सर्च प्रायव्हसी' आणि अधिकच्या खुणेने डिस्क यादीत घाला.

९. इंडेक्स नको म्हणता, मग दहा वर्षांच्या लग्नांचे फोटो शोधू कसे?

फोटोग्राफर हे कळकळीने विचारतात आणि बरोबर विचारतात. पण बघा, इंडेक्सचा खरा उपयोग फाइलच्या आतला मजकूर शोधायला. कॅमेऱ्याच्या फोटोत मजकूर नसतोच. तुम्ही शोधता ते नाव आणि तारीख. त्यासाठी फोल्डरला नीट नाव देणं पुरेसं आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कुटुंबाचं आडनाव आणि हॉल. वर्ष पुढे असलं की नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेनुसार लागते.

त्याच्या जोडीला विंडोजवर 'एव्हरीथिंग' नावाचा छोटा मोफत प्रोग्राम घ्या. तो एनटीएफएस डिस्कचं फाइलींचं मूळ कोष्टक थेट वाचतो, त्यामुळे लाखो नावांची यादी फार लवकर होते. त्याच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन ड्राइव्ह यादीतून आपोआप काढायचे की नाही ते ठरवता येतं. 'काढू नको' असं ठेवलंत तर डिस्क कपाटात असतानाही तिच्यावर काय आहे ते शोधता येतं. चार-पाच डिस्क असणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. प्रत्येक डिस्कला वेगळं नाव द्या आणि तेच नाव वर चिकटवा.

जी डिस्क टेबलावरच राहते, कधी हलत नाही आणि जिच्यावर वर्ड किंवा पीडीएफ कागदपत्रं आहेत, ती मात्र खुशाल इंडेक्स करा. माझा आक्षेप बॅगेतून फिरणाऱ्या डिस्कपुरता आहे.

१०. सोसायटीचे ठराव टाइप केलेत, फाइल समोर आहे, पण मराठीत शोधलं की सापडत नाही. का?

इथे कॉम्प्युटरचा दोष क्वचित असतो. कारणं तीन-चार आहेत.

सगळ्यात मोठं कारण जुने फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टांत टाइप केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तुम्ही युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत) 'ठराव' लिहून शोधता आणि फाइलमध्ये तो शब्द त्या रूपात नसतोच. कोर्टनाक्यावर डीटीपीवाल्याकडून करून आणलेल्या जुन्या अर्जांचं, करारांचं हेच होतं. उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. तेवढं जमत नसेल तर निदान फाइलचं नाव युनिकोड मराठीत द्या: '२०२३ सर्वसाधारण सभा ठराव गळती'. नावावरून तरी सापडेल.

दुसरं, स्कॅन केलेली पीडीएफ. तो फोटो आहे, त्यात अक्षरं नाहीत. मानीव अभिहस्तांतरणाची ('डीम्ड कन्व्हेयन्स'ची) फाइल करणाऱ्यांकडे असे स्कॅन ढिगाने असतात. तिथेही नावच कामाला येतं.

तिसरं, एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलेलं असणं. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या आणि कित्येक आजच्या कीबोर्डवरही 'अ'वर चंद्र देऊन 'अॅ' होतं. दिसायला सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. 'दुसऱ्या'मधल्या 'ऱ्या'चंही तसंच. एक प्रकार नाही सापडला तर दुसरा टाइप करून बघा, किंवा त्या अक्षराच्या आधी थांबा.

चौथं, आपली विभक्ती. सर्च शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो. 'ठराव' शोधलं तर 'ठरावाची' सापडतं, पण 'ठाणे' शोधलं तर 'ठाण्यात' सापडणार नाही, कारण मूळ शब्दच बदलला. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग लिहा: 'ठाण', 'घोडबंद', 'सदस्य'.

११. डिस्क सुटतच नाही म्हणून कॉम्प्युटर शटडाउन करून काढली. चालतं ना?

पूर्ण बंद झाला असेल तर चालतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. तो चालू असताना शटडाउन केलं की विंडोजचा गाभा बंद होत नाही, त्याची स्थिती साठवून ठेवली जाते. पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून शटडाउन करा, किंवा रीस्टार्ट करून सुरुवातीचा लोगो दिसताना डिस्क काढा.

स्लीप किंवा हायबरनेट केलेल्या कॉम्प्युटरची डिस्क मात्र काढू नका. ती दुसरीकडे लावून त्यावर काही लिहिलं आणि परत पहिल्याला लावली, तर पहिला जागा होऊन जुन्याच आठवणीवर काम करू शकतो. त्यात फाइली जातात.

१२. पावसाळ्यात दिवे जातात. कॉपी चालू असताना गेले तर?

लॅपटॉपला आणि केबलवर चालणाऱ्या छोट्या डिस्कला फरक पडत नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेली मोठी डिस्क मात्र लॅपटॉप चालू असूनही बंद पडते. ती यूपीएसवर घ्या. दिवे आले की ती कॉपी अर्धवट समजून पुन्हा करा, 'बहुतेक आली असेल' यावर सोडू नका. मूळ फाइली पुसायच्या त्या नवी प्रत उघडून बघितल्यावरच.

१३. एनटीएफएस की एक्सफॅट?

फक्त विंडोजला लावणार असाल तर एनटीएफएस. तो बदलांची नोंद आधी करून ठेवतो, त्यामुळे मधेच केबल निघाली तर त्याची रचना सावरायची शक्यता जास्त. विंडोज आणि मॅक दोन्हींना लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण आपणहून त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटमध्ये अशी नोंद नसते, म्हणून तिथे इजेक्टची शिस्त दुप्पट पाळा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

१४. पेन ड्राइव्हवर अनोळखी फोल्डर आलेत. व्हायरस आहे का?

'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' विंडोजचा असतो. टिंबाने सुरू होणारे आणि 'स्पॉटलाइट', 'ट्रॅशेस' अशी नावं असलेले मॅकचे (प्रश्न २). हे निरुपद्रवी आहेत. तुमच्याच फोल्डरांचे शॉर्टकट झाले असतील आणि मूळ फोल्डर दिसत नसतील तर मात्र व्हायरसची शक्यता मोठी. शॉर्टकटवर क्लिक करू नका, आधी स्कॅन करा. मूळ फाइली बहुधा लपवलेल्या असतात, गेलेल्या नसतात. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यावर प्रिंटपुरत्याच फाइली.

१५. फोनलाही इजेक्ट करावं लागतं का?

अँड्रॉइड फोन केबलने जोडला की तो डिस्क म्हणून नाही, एमटीपी पद्धतीने जोडला जातो. त्याची साठवण त्याच्याच ताब्यात असते. कॉपी चालू नसेल तर सरळ काढा. कॅमेऱ्याचं कार्ड रीडरमध्ये असेल तर ती डिस्कच, इजेक्ट करा.

१६. ओढून काढली, आता 'डिस्क फॉरमॅट करा' असा संदेश येतोय. सगळं गेलं का?

बहुतेक वेळा नाही. डिस्कची रचना वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. 'फॉरमॅट' दाबू नका, 'कॅन्सल' करा. डिस्कवर नवीन काहीही लिहू नका.

आधी दुसरी केबल, दुसरं पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर. मग कानाला लावा. टकटक किंवा खरखर येत असेल, किंवा ती फिरायला लागून थांबत असेल, तर लगेच काढा आणि पुन्हा वीज देऊ नका. चालवत राहिल्याने तबकडीला ओरखडे पडतात आणि मग प्रयोगशाळेलाही फार काही करता येत नाही.

आवाज नसेल आणि डेटाची दुसरी प्रत तुमच्याकडे असेल, तर विंडोजची 'एरर चेकिंग' चालवून बघा. दुसरी प्रत नसेल तर तीही चालवू नका. ती रचना दुरुस्त करायला डिस्कवर लिहिते, आणि त्यात फाइलींचे दुवे कायमचे तुटू शकतात. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घ्यायची आणि वाचवायचे प्रयत्न त्या प्रतीवर करायचे. डेटा रिकव्हरीवाल्याकडे देताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: काम मूळ डिस्कवर करणार की प्रतीवर? मूळ डिस्कवरच म्हणाला तर दुसरा शोधा.